शिफारशीनं रेंज येत नाही

गोव्यात कुणी नवं सिमकार्ड घ्यायचं म्हटलं की सल्लागारांना तोटा नसतो. मेहुणा एक सांगतो, ऑफिसातला सहकारी दुसरं सांगतो, आणि सकाळी पाव घेऊन आलेला पोदेर सायकलवरून न उतरता तिसऱ्याच कंपनीचं नाव घेऊन पुढे जातो. ‘हें कार्ड घे रे, आमगेर फुल रेंज मेळटा!’ या ‘आमगेर’ शब्दातच सगळी गोम आहे. सांगणाऱ्याचं घर फोंड्याच्या बाजारात, आपलं घर दोन डोंगर ओलांडून ओहोळाकाठी. त्याच्या घरी रेंज आहे हे शंभर टक्के खरं. पण त्याचा आपल्या घराशी संबंध काय?

सांगोवांगीवर कार्ड घेणं ही आपली जुनीच खोड. पण गेल्या काही वर्षांत या सांगोवांगीवर विद्वत्तेची झूल चढली आहे. दूरसंचार सेवेचा दर्जा आणि ओळखीपाळखीतून होणाऱ्या शिफारशी यांचं नातं काय, यावर जगभर संशोधन चालतं. आपल्याकडच्या एम. बी. ए. आणि एम. कॉम.च्या प्रकल्प-अहवालांतून तर या विषयाचं पेवच फुटलं आहे. त्यातलं काही संशोधन फार चांगलं आहे. माझं भांडण आहे ते त्यातून कंपन्यांनी आपल्या सोयीनं उचललेल्या निष्कर्षाशी. तो निष्कर्ष असा: लोक एकमेकांचं ऐकून कंपनी निवडतात, तेव्हा लोकांची तोंडं सांभाळा. माझं म्हणणं असं: तोंडं मोजणं पुरे झालं, आता टॉवर मोजा. आणि तेही गावागणिक मोजा.

आधी विद्वानांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, म्हणजे भांडायला बरं पडतं. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ साली ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ या पुस्तकात दाखवून दिलं, की माणूस थेट जाहिरातीपेक्षा आसपासच्या जाणत्या माणसाच्या शब्दावर अधिक चालतो. कुठल्या नुस्तेकान्नीकडे ताजे बांगडे मिळतात हे शेजारणीला विचारणाऱ्या आमच्या आज्ज्यांना यात नवल वाटलं नसतं. पुढे शॉन्ड्रा हिल, फॉस्टर प्रोव्होस्ट आणि ख्रिस व्होलिन्स्की यांचा २००६ सालचा अभ्यास आला. एका मोठ्या टेलिफोन कंपनीच्या नोंदींवरून त्यांनी पाहिलं, की जुन्या ग्राहकाशी ज्यांचं फोनवर बोलणं होतं, त्यांनी कंपनीची नवी सेवा तीन ते पाच पट अधिक प्रमाणात घेतली. आणि ही तुलना ऐऱ्यागैऱ्यांशी नव्हती, कंपनीच्या विक्री विभागानं निवडून काढलेल्या गिऱ्हाइकांशी होती. २००८ साली आयबीएमच्या भारतातल्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी याची दुसरी बाजू मांडली. ज्याचे मित्र कंपनी सोडून गेले, तोही सोडून जाण्याची शक्यता वाढते, असं त्यांना फोनच्या नोंदींत दिसलं.

बोलणं काय झालं हे कंपनीला ऐकावं लागत नाही. कोण कुणाला, किती वेळा, किती मिनिटं फोन करतो एवढी जंत्री पुरते. तुमची मावशी कंपनीच्या लेखी मावशी राहत नाही, ती जाळ्यातली एक गाठ होते. मावशी कंपनी सोडून गेली, तर ती आणखी कुणाकुणाला घेऊन जाईल याचा हिशेब मांडला जातो, आणि तिला थांबवण्यासाठी एखादी सवलत पाठवली जाते. मावशीच्या घरी फोन का लागत नाही, हा प्रश्न या हिशेबात कुठेच येत नाही.

त्यातच २००३ साली फ्रेडरिक राइकहेल्ड यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एकच प्रश्न पुरे असल्याचा मंत्र दिला. ‘आमची शिफारस तुम्ही मित्राला किंवा सहकाऱ्याला कराल का? शून्य ते दहा गुण द्या.’ नऊ-दहा देणारे ते प्रचारक, सहा किंवा त्याखाली देणारे ते निंदक. पहिल्यांच्या टक्क्यातून दुसऱ्यांचा टक्का वजा करा, की झाला कंपनीचा भाव तयार. २००७ साली टिमोथी कायनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दावा तपासला. समाधान मोजण्याच्या इतर पद्धतींपेक्षा हा एक प्रश्न सरस ठरतो, असं काही त्यांना आढळलं नाही. पण मंत्र सोपा होता, तो रुजला. माझाच अनुभव सांगतो. पावसाळ्यात आमच्याकडे तीन दिवस फोन बंद होता. चौथ्या दिवशी तक्रार नोंदवली, पाचव्या दिवशी ‘तक्रार निवारण झाली’ असा संदेश आला, आणि पाठोपाठ हाच प्रश्न आला: शिफारस कराल का? फोन तोवर सुरू झाला नव्हता. तो संदेश मी डोंगरमाथ्यावर जाऊन वाचला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समजा, सत्तरीत किंवा सांग्यात डोंगराच्या कुशीत एक वाडा आहे. पंचवीस घरं, त्यांतल्या बावीस घरांत एकाच कंपनीचं कार्ड. प्रश्नावली घेऊन आलेला संशोधक काय लिहील? ‘या समुदायात परस्पर शिफारशींचा प्रभाव अत्यंत प्रबळ आहे.’ त्या वाड्यावरचा दहावीतला पोर काय सांगेल? ‘सर, बाकीच्या कंपन्यांची रेंजच नाही.’

हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही असं नाही, पण कोणतं किती खरं हे वेगळं काढणं फार अवघड असतं. चार्ल्स मॅन्स्की या अर्थशास्त्रज्ञानं १९९३ साली याला आरशाचा प्रश्न म्हटलं. माणूस आणि त्याचं प्रतिबिंब एकदमच हलतात. कुणामुळे कोण हललं हे नुसतं पाहून कळत नाही. सिनान अराल, लेव्ह मुचनिक आणि अरुण सुंदरराजन यांनी २००९ साली २ कोटी ७४ लाख माणसांच्या जाळ्यावर हा प्रश्न तपासला. एक सेवा मित्रामित्रांत कशी पसरली हे ते पाहत होते. त्यांना आढळलं, की आधीच्या पद्धती मित्रांचा प्रभाव तीनशे ते सातशे टक्के फुगवून दाखवतात, आणि जो संसर्ग वाटतो त्यातला निम्म्याहून अधिक भाग केवळ माणसं मुळात सारखी असल्यामुळे दिसतो. तिथे माणसं सारखी होती. आमच्या वाड्यावर तर डोंगरच एक आहे!

रेडिओलहरींना मेहुणा-भावोजी कळत नाहीत. त्यांच्या आड डोंगर आला की पलीकडे सावली पडते. ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यातली लहर लांबवर जाते, चिऱ्याच्या जाड भिंतीतूनही बरी आत शिरते. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झची लहर वेग भरपूर देते, पण तिचा पल्ला आखूड. कुठल्या कंपनीकडे कुठला पट्टा आहे, तिचा टॉवर डोंगराच्या अलीकडे आहे की पलीकडे, वीज गेल्यावर त्याची बॅटरी किती तास टिकते, टॉवरपासून पुढे केबल गेली आहे की नाही, यावर त्या बावीस घरांची निवड ठरते. किनाऱ्यावरची गोष्ट आणखी निराळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बाग्याला फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि फोन मात्र लागत नाही. तिथे लहर पोचते, पण एका टॉवरवर माणसं मावत नाहीत. ‘रेंज आहे’ या दोन शब्दांत या दोन वेगळ्या दुखण्यांचा पत्ताही लागत नाही.

आणि आमचे विद्यार्थी मोजतात काय? बहुतेकांच्या हाती असतं ते ‘सर्व्हक्वाल’ नावाचं माप. परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी १९८८ साली सिद्ध केलेलं, बावीस विधानांचं. त्यांच्या अभ्यासात टेलिफोन कंपनीही होती, तेव्हा हे माप इथे अगदीच परकं म्हणता येणार नाही. पण त्यातल्या एका विधानावर माझी नजर नेहमी अडखळते: कर्मचारी नीटनेटके दिसतात. पणजीच्या दुकानातला मुलगा इस्त्रीचा शर्ट घालतो, गोड बोलतो, खुर्ची देतो. धारबांदोड्याच्या माणसानं त्याला पाचपैकी पाच गुण दिले, तर ते त्या मुलाचे गुण आहेत, नेटवर्कचे नव्हेत. कॉलेजच्या आवारात शंभर मुलांकडून अर्ज भरून घ्यायचे, सरासरी काढायची, आणि ‘गोव्यातील ग्राहकांचे समाधान’ असं मथळ्यात लिहायचं. त्या शंभरांत वाळपईच्या पलीकडचे किती, काणकोणच्या आतल्या भागातले किती, याचा रकानाच नाही. तालुका विचारला तर विचारला, वाडा कुणी विचारत नाही.

पण विद्यार्थ्यांना तरी किती बोलायचं? सरकारी मोजमापातही गोवा असाच हरवलेला आहे. दूरसंचाराच्या नकाशावर गोवा राज्य नाही. आपण महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो, मुंबई तेवढी वेगळी. १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूनं कुणी मत दिलं आणि विरुद्ध कुणी, या वादात मी शिरत नाही. आपल्या वाचकांत दोन्हीकडचे आहेत. पण दूरसंचारात ते विलीनीकरण कुणालाही न विचारता होऊन गेलं आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, गोव्याचं ३,७०२. दोन्ही मिळून धरलं तर आपला वाटा जेमतेम सव्वा टक्का. ट्रायच्या २००९ च्या नियमांत कॉल ड्रॉपचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावं अशी अट होती, आणि ते प्रमाण सर्कलच्या सरासरीवर काढलं जाई. पुणे-नाशिकची सरासरी चांगली आली, की सांग्यातला तुटलेला फोन त्या आकड्यात दिसेनासा व्हायचा. २०१७ साली ट्रायनं हे काही अंशी सुधारलं. नुसती सरासरी न घेता किती टक्के ठिकाणी आणि किती टक्के दिवशी दर्जा टिकतो हे पाहायला सुरुवात झाली. २०२४ च्या नियमांनी आणखी पुढे जाऊन कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर व्याप्तीचे नकाशे लावायला सांगितलं, आणि जिल्हाभर चोवीस तासांहून अधिक सेवा बंद पडली तर ग्राहकाला भरपाई द्यायला सांगितलं.

चांगलं झालं, पण शब्द नीट वाचा: जिल्हाभर. अख्खा जिल्हा बंद पडला तर. एका खोऱ्यातली चार गावं आठवडाभर मुकी राहिली, तर त्याची गणना या भरपाईत नाही. दुखणं नेमकं तिथेच आहे. गोव्यात अख्खा जिल्हा क्वचित बंद पडतो. बंद पडतो तो वाडा.

ग्राहकाला थेट पैसे देण्याचा प्रयत्न याआधी एकदा झाला होता. ट्रायनं ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम काढला, की तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये ग्राहकाला द्यावेत. १ जानेवारी २०१६ पासून तो लागू व्हायचा होता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मनमानी आणि अवाजवी ठरवून रद्द केला. दोष कुणाचा हे न पाहता सरसकट दंड कसा, हा न्यायालयाचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण त्यातूनही हेच दिसतं: फोन नेमका कुठे तुटला, कशामुळे तुटला, याची उघड नोंद असती, तर दोष कुणाचा हे सांगता आलं असतं.

शिफारशीची लाट कशी उठते आणि कशी विरते, याचा मोठा धडा २०२४ च्या पावसाळ्यात देशाला मिळाला. जुलैच्या सुरुवातीला तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर एकच पुकारा झाला: बीएसएनएलकडे चला! एकट्या जुलै महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख ग्राहक वाढवून मिळाले. नोव्हेंबरपर्यंत वारं फिरलं आणि ग्राहक पुन्हा घटू लागले. लोकांचा राग खरा होता, सरकारी कंपनीबद्दलचा जिव्हाळाही खरा होता. पण ज्यानं संदेश पुढे ढकलला, त्याला माझ्या गावात बीएसएनएलचा टॉवर फोर-जीचा आहे की नाही, हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसे दुरून टॉवरही साजरे!

यावर कुणी म्हणेल, मग काय लोकांचं बोलणं ऐकूच नये? त्यांना जे कळतं ते तुमच्या यंत्राला थोडंच कळतं? बरोबर आहे, आणि म्हणूनच मी दोन गोष्टींत फरक करतो. एक शिफारस, दुसरी साक्ष. ‘ही कंपनी चांगली’ ही शिफारस. ‘देवळाच्या मागच्या बाजूला, पायवाटेपर्यंत, संध्याकाळी सातनंतर या कंपनीचा फोन लागत नाही’ ही साक्ष. साक्षीला जागा असते, वेळ असते, आणि दुसऱ्याला ती जाऊन तपासता येते. मार्क ग्रॅनोव्हेटरनं १९७३ साली दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सतरा टक्क्यांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना दूरच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीतून. जवळचे लोक आपल्याला ठाऊक असलेलंच सांगतात, नवी बातमी लांबून येते. रेंजच्या बाबतीत हे उलटं करून घ्यायला हवं. इथे मन कितीही जवळचं असो, जमीन जवळची लागते. पुण्याच्या सख्ख्या भावापेक्षा, ज्याच्याशी कुंपणावरून दहा वर्षं बोलणं नाही असा शेजारी या कामी अधिक उपयोगाचा!

आता थोडं आपल्याच माणसांना. गोव्यात ग्रामसभेत दोन ठराव वारंवार येतात. एक, गावात रेंज नाही. दुसरा, गावात टॉवर नको. कधी कधी दोन्ही एकाच सभेत. किरणोत्साराची भीती मी हसण्यावारी नेत नाही. विचारण्याचा हक्क गावाला आहेच. पण सप्टेंबर २०१२ पासून भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि तिचं पालन होतं की नाही हे मोजता येतं. मग ठराव ‘मोजून दाखवा’ असा का नाही? २०२० च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढून जात होती, हे वर्तमानपत्रांत छापून आलं, आपण हळहळलो. त्या मुलांना कुठल्या कंपनीची शिफारस करणार होतो आपण? ती डोंगरावर बसली होती, कारण खाली मोजायलाच कुणी आलं नव्हतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ट्रायनं गोव्याचे आकडे सर्कलमधून वेगळे काढून, पंचायतवार प्रसिद्ध करावेत. रस्त्यावरून गाडी फिरवून होणारी चाचणी जिथे रस्ता संपतो तिथे संपते; वाड्यांवरच्या चाचण्या पायी चालून कराव्यात. कंपनीनं लावलेला नकाशा खरा की नुसता रंगवलेला, हे गावकऱ्यांनी तपासून त्यावर हरकत घेण्याची सोय असावी. आपल्या विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी समाधानाची पुढची प्रश्नावली हातात घेण्याआधी विद्यार्थ्याला एक तालुका द्यावा, एक फोन द्यावा, आणि चार कंपन्यांची चार कार्डं द्यावीत. पंधरा दिवस वाड्यावाड्यांतून फिरून त्यानं जी वही भरून आणली, तिच्यात बावीस विधानांपेक्षा अधिक ज्ञान असेल.

आणि आपण? फोन लागला नाही की आपण शिवी हासडतो, पोर्ट करतो, आणि पुन्हा कुणाच्या तरी मेहुण्याचं ऐकतो. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ च्या जानेवारीपासून देशभर आहे. तिचा फायदा घ्यावाच. पण मुकाट्यानं सोडून गेलेला ग्राहक कंपनीच्या तक्त्यात ‘मित्रांच्या प्रभावाने गेला’ असाच जमा होतो. जाण्याआधी तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या, तक्रारीत जागा आणि वेळ लिहा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. त्यानंही भागलं नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. आणि गावानं एक वही ठेवावी, पंचायतीत, नाहीतर देवळाच्या कचेरीत. कुठे, केव्हा, कुठल्या कंपनीचा फोन बंद होता, एवढंच तिच्यात लिहायचं. सहा महिन्यांनी ती वही ग्रामसभेत ठेवली, तर कंपनीच्या माणसाला शून्य ते दहा गुण मागायचं धाडस होणार नाही.

शेजारधर्म ही आपली मोठी पुंजी आहे. ती कंपन्यांनी फुकटात वापरावी आणि वर आपल्याच घरात रेंज नसावी, हे मला मान्य नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला जरूर सांगावं. पण सांगताना ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ म्हणून थांबू नये. जागा सांगावी, वेळ सांगावी, आणि वहीत लिहून ठेवावं.